उतावीळपणावरचे औषध

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा वीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात होता. अक्षर सुरेख, गणितात बरा, पण प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर ओरडून मोकळा होणारा. तो मुलगा आज तिशीच्या घरात आहे, आणि मधली सात वर्षे त्याने आपल्या बाजूला ‘स्मॅक’ म्हणून जी भुरी पूड विकली जाते तिच्या पायी घालविली आहेत. घरातली पितळी भांडी, आईच्या पाटल्या, धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी बँकेत ठेवलेली रक्कम, असे सारे त्या वाटेने गेले. गेले आठ महिने मात्र तो एका सरकारी केंद्रात रोज जातो, तेथे जिभेखाली विरघळणारी गोळी घेतो आणि दहा वाजता एका कापडाच्या दुकानात कामावर हजर होतो. माणसांची व गावाची नावे येथे देण्याचे कारण नाही.

त्या गृहस्थांच्या खिशात एका हिंदी वर्तमानपत्राचे कात्रण होते. नशेच्या आवेगाला आळा घालणाऱ्या नव्या औषधाच्या चाचण्या परदेशात होत आहेत, अशी चार ओळींची बातमी होती. “सर,” ते म्हणाले, “हे जर खरे असेल, तर त्याची ती रोजची गोळी बंद करावी आणि हे चालू करावे असे आमच्या मनात आहे. गोळी म्हणजे शेवटी नशाच ना? शिवाय रोज त्या रांगेत उभा राहतो, ओळखीचे लोक पाहतात. तुम्ही वाचणारे आहात. जरा पाहून सांगा.”

आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. परंतु विचारणाऱ्याच्या डोळ्यांत जे होते ते पाहून ‘आमचा तो विषय नव्हे’ असे म्हणणे आम्हाला जमले नाही. आठ-दहा दिवस मिळेल ते वाचले, एका परिचित मनोविकारतज्ज्ञांकडून समजून घेतले, आणि त्यांना जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने मांडत आहोत. कारण आपल्या या माळव्यात हा प्रश्न एकाच घरापुरता नाही.

अफूशी आपला संबंध दूरचा नाही. मंदसौर, नीमच, रतलाम या जिल्ह्यांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते. माघ-फाल्गुनात बोंडांना चिरा देऊन ओघळलेला चीक दुसऱ्या दिवशी पहाटे खरवडून घेतात. नीमचला सरकारचा अफूचा कारखाना आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात असे व त्या व्यापारावर संस्थानिकांच्या तिजोऱ्या आणि मुंबईच्या पेढ्या दोन्ही पोसल्या गेल्या. दिवाळीत ज्या खसखशीवर आपण अनारसे थापतो ती त्याच बोंडातली. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाने दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ देत, हेही फार जुने नाही. आणि हेरॉइन? ते तर एके काळचे नवे औषधच. लंडनमध्ये १८७४ साली एका रसायनशास्त्रज्ञाने मॉर्फीनपासून ते तयार केले आणि १८९८ पासून जर्मनीतील बायर कंपनीने ते खोकल्यावरचे औषध म्हणून विकले. ‘नवे औषध’ हे दोन शब्द कानी पडताच ज्यांना हर्ष होतो त्यांनी हा इतिहास जवळ ठेवावा.

आता मूळ मुद्दा. कात्रणात ‘आवेग’ असा शब्द होता. आम्ही मराठीचे विद्यार्थी; शब्द आला की तेथे अडखळणे ही आमची खोड. व्यसनाच्या संदर्भात दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक तलफ. ती हवेपणाची आग आहे. अंग दुखते, डोळ्यांतून पाणी येते, जीव त्या एका वस्तूपाशी जाऊन बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे उतावीळपणा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे आपण म्हणतो, तेव्हा त्या नवऱ्याला लग्न इतरांपेक्षा अधिक हवे असते असे नाही. त्याला थांबता येत नाही, एवढेच. मनात आलेली गोष्ट आणि हाताने केलेली कृती यांच्यामध्ये जो क्षणभराचा उंबरठा असतो तो काही माणसांत फार ठेंगणा असतो. तलफ शमविणारी औषधे आज आहेत. उंबरठा उंच करणारे औषध सापडेल काय, असा त्या चाचण्यांमागचा प्रश्न आहे.

उतावीळपणा मोजणार कसा? ताप मोजायला तापमापक असतो, तसे येथे काही नाही. एक रीत म्हणजे माणसालाच विचारणे. बॅरॅट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची तीस विधानांची प्रश्नावली यासाठी जगभर वापरली जाते. दुसरी रीत संगणकाच्या पडद्यावरची: खूण दिसली की कळ दाबायची, पण मध्येच थांबण्याची सूचना आली तर उचललेले बोट आवरायचे; आवरायला किती वेळ लागतो ते मोजतात. तिसरी रीत आम्हाला सर्वांत अर्थपूर्ण वाटली. माणसाला विचारतात, आज थोडे पैसे घ्याल, की काही दिवस थांबून अधिक घ्याल? असे अनेक प्रश्न विचारले की त्या माणसाच्या लेखी ‘उद्या’ची किंमत किती वेगाने घसरते हे कळते. अमेरिकेत व्हरमाँट येथील संशोधकांनी १९९७ साली अशी पाहणी प्रसिद्ध केली. अफूजन्य पदार्थांचे व्यसन असलेल्यांच्या लेखी उद्याची किंमत इतरांपेक्षा कितीतरी वेगाने घसरते, आणि त्यातही पैशापेक्षा हेरॉइनच्या बाबतीत अधिक वेगाने, असे त्यात आढळले.

येथे आमच्यातला शिक्षक जागा झाला. वर्गातल्या मुलांवर ‘अधीर’, ‘चंचल’ असे शिक्के मारण्याची आम्हाला तीस वर्षांची सवय आहे, म्हणून कबुलीच्या स्वरात सांगतो. थांबता येणे हा केवळ स्वभाव नसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील वॉल्टर मिशेल यांचा मुलांवरचा प्रयोग बहुतेक शिक्षकांनी प्रशिक्षणात ऐकलेला असतो: समोर एक मिठाई ठेवायची, थोडा वेळ न खाता थांबलास तर दोन मिळतील असे सांगायचे. पुढे २०१३ साली रॉचेस्टर येथील संशोधकांनी त्याला एक जोड दिली. अठ्ठावीस मुलांपैकी निम्म्यांना त्यांनी आधी चांगले रंग आणून देतो असे सांगितले आणि दिले नाहीत. उरलेल्यांना सांगितले तसे दिले. मग मिठाई समोर ठेवली. फसविलेली मुले सरासरी तीन मिनिटे थांबली. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला ती बारा मिनिटे. ज्याला दिलेला शब्द पाळला गेलेला नाही तो आजचेच घेतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे आम्हाला वाटत नाही.

व्यसनी माणसाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुप्रेनॉर्फिन हे औषध चालू असलेल्या रुग्णांची हीच परीक्षा दोनदा घेतली. एकदा औषध वेळेवर दिलेले असताना व एकदा थोडे लांबविलेले असताना. औषध लांबले की तीच माणसे अधिक उतावीळ झाली. म्हणजे उतावीळपणामुळे माणूस व्यसनाकडे गेला, की व्यसनाच्या उपाशीपणाने तो उतावीळ झाला, याचा निवाडा एका परीक्षेने होत नाही. बहुधा दोन्ही थोडे थोडे खरे असावे.

तरीही औषध शोधणाऱ्यांचा मार्ग अगदीच अंधारातला नाही. केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी उंदरांसाठी एक परीक्षा रूढ केली. पिंजऱ्याच्या भिंतीत पाच भोके. त्यांपैकी एकात क्षणभर दिवा लागतो. उंदराने त्या भोकात नाक खुपसले की खाऊ मिळतो. दिवा लागण्याआधी थांबावे लागते. जो उंदीर दिवा लागण्यापूर्वीच नाक खुपसतो तो उतावीळ, आणि त्याला खाऊ नाही. (आमचा तो जुना विद्यार्थी आठवल्याखेरीज हे आम्हाला वाचता आले नाही.) मेंदूत सेरोटोनिन नावाचे एक रसायन एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे निरोप पोहोचविते, आणि तो निरोप घेणारी अनेक प्रकारची ग्राहके पेशींवर असतात. त्यांतले ‘दोन-सी’ नावाचे ग्राहक उत्तेजित केले तर उंदीर अधिक थांबतात आणि ते अडविले तर अधिक घाई करतात, असे दिसून आले.

नेमके याच ग्राहकाला उत्तेजित करणारे एक औषध आधीच बाजारात होते. त्याचे नाव लॉर्कासेरिन. ते स्थूलपणावर, भूक आवरण्यासाठी, अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाले होते. २०१७ साली टेक्सासमधील शास्त्रज्ञांनी उंदरांवर पाहिले की या औषधाने ऑक्सिकोडोन या अफूजन्य वेदनाशामकाची त्यांची ओढ कमी होते आणि व्यसन सुटल्यावर पुन्हा त्याकडे वळणेही कमी होते. आशेला धुमारे फुटले. मग माणसांवरच्या चाचण्या आल्या. अफूजन्य व्यसनाच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या एका लहान चाचणीत खरे औषध घेणाऱ्यांत व नुसती साधी गोळी घेणाऱ्यांत अपेक्षित असा फरक आढळला नाही. उंदराचे नाक भोकातून आवरणे आणि माणसाचे पाऊल गल्लीच्या कोपऱ्यावर आवरणे, यांत अंतर आहे.

त्यातच दुसरी बातमी आली. या औषधाने हृदयाला अपाय होतो की काय, हे पाहण्यासाठी सुमारे बारा हजार स्थूल माणसांवर काही वर्षे चाचणी झाली होती. हृदयाच्या बाबतीत औषध निर्दोष ठरले. पण त्याच आकड्यांची पुढे छाननी करताना असे दिसले की औषध घेणाऱ्यांत ७.७ टक्के लोकांना कर्करोग झाला, तर साधी गोळी घेणाऱ्यांत ७.१ टक्क्यांना. फरक अल्प, परंतु १३ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंपनीला ते मागे घेण्यास सांगितले व कंपनीने ते घेतले. हृदयासाठी मांडलेल्या हिशोबात कर्करोग सापडला. बारा हजार माणसे वर्षानुवर्षे मोजली नसती, तर हा अर्ध्या टक्क्याचा फरक कुणाच्या डोळ्यांना दिसला असता? ‘चाचणीला इतकी वर्षे कशाला लावतात’ असे विचारणाऱ्यांसाठी आम्ही हे मुद्दाम लिहीत आहोत.

आज, हे लिहीत असताना, अफूजन्य व्यसनातील उतावीळपणावर म्हणून मंजूर झालेले एकही औषध नाही. शोध चालू आहे आणि तो चालावा असेच आमचे मत आहे. परंतु तो कुणावर चालतो आणि कसा चालतो, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.

कारण या बाबतीत मागचा अनुभव चांगला नाही. अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे १९३५ साली व्यसनी कैद्यांसाठी एक प्रचंड सरकारी संस्था उघडली. तेथे उपचार होत, आणि नव्या औषधांच्या चाचण्याही होत. कैदी ‘स्वखुशीने’ भाग घेत. मोबदला कसला, तर मॉर्फीन किंवा हेरॉइन! ज्या रोगासाठी माणूस कोंडला आहे तोच रोग त्याला बक्षीस म्हणून द्यायचा आणि वर त्याची सही घ्यायची. १९७५ साली अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे याची चौकशी झाली आणि पुढल्या वर्षी तेथील कैद्यांवरचे प्रयोग बंद पडले. तेथल्या संशोधनातून पुष्कळ ज्ञान मिळाले हेही खरे आहे, आणि म्हणूनच ती गोष्ट वाचताना मन अधिक अस्वस्थ होते.

आणि दूर केंटकीला तरी कशाला जावे? आपल्या इंदुरातलीच गोष्ट आहे. औषधांच्या चाचण्यांत गरीब रुग्णांना पुरते न सांगता सामील करून घेतले जाते, या तक्रारींवरून इंदूरच्या ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ या संस्थेने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २०१३ साली न्यायालयाने सरकारला खडसावले आणि रुग्णाची संमती घेताना ध्वनिचित्रमुद्रण करावे असा आदेश दिला. पुढे २०१९ साली देशासाठी नवे नियम झाले. त्यांत नीतिसमितीची मंजुरी, अपाय झाल्यास उपचार व भरपाई, आणि सर्वस्वी नव्या रसायनाच्या चाचणीत दुर्बल स्थितीतील व्यक्तीची संमती घेताना मुद्रण, या गोष्टी लेखी आल्या. देशभरच्या रुग्णांना उपयोगी पडणारी ही लढाई आपल्या शहरातून लढली गेली, याचा उल्लेख आपल्याकडील समारंभांत कधी ऐकलेला आम्हाला आठवत नाही.

उतावीळपणाच्या औषधात संमतीचा प्रश्न आणखी नाजूक होतो. ज्याच्या लेखी उद्याची किंमत घसरलेली आहे असे आपणच म्हणतो, त्याच्याकडून उद्याच्या धोक्याबद्दल आज सही घ्यायची! म्हणून काय व्यसनी माणसाला संमती देताच येत नाही असे म्हणावे? ते आम्हाला पटत नाही. तो अपमान होईल, आणि ते खरेही नाही. व्यसनी माणूस आपल्या हिताचे पुष्कळ जाणतो. फक्त त्याला विचारण्याची वेळ पाहिली पाहिजे. अंगात कळा चालू असताना किंवा नशेच्या धुंदीत विचारू नये. औषध वेळेवर मिळून शांत बसला असेल तेव्हा विचारावे, त्याच्या भाषेत विचारावे, आणि एक रात्र मध्ये जाऊ देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते व त्यामुळे नेहमीचा उपचार बंद होत नाही, हे त्याला दोनदा सांगावे. घरच्यांना कळावे हे चांगले. पण सही त्याची आहे, बापाची नव्हे. हे शेवटचे वाक्य त्या गृहस्थांना फारसे आवडले नाही.

त्यांच्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही काहीही आडपडदा न ठेवता दिले. जिभेखालची ती गोळी म्हणजे बुप्रेनॉर्फिन. ती अफूच्याच कुळातली आहे हे खरे. परंतु ती तलफ शमविते, शरीराला स्थिर ठेवते आणि माणसाला सकाळी दहा वाजता दुकानात उभे करते. २०१७ साली अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला. बुप्रेनॉर्फिन चालू असताना दर हजार रुग्णांमागे वर्षाला चारांच्या आसपास मृत्यू होतात. उपचार सुटल्यावर तेच प्रमाण साडेनवांपर्यंत जाते. सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष वाईट. त्याचे कारण साधे आहे. अंगाची सवय मोडलेली असते आणि माणूस मात्र जुन्याच मापाने पूड घेतो. एका मात्रेत श्वास थांबतो. तेव्हा चार ओळींच्या कात्रणावर विसंबून चालू औषध बंद करणे म्हणजे पूर आलेला असताना नाव सोडून, पुढल्या साली होणाऱ्या पुलाची वाट पाहणे होय. उद्या खरोखरच एखादे नवे औषध आले, तरी ते बहुधा या गोळीच्या जोडीला देतील, तिच्या जागी नव्हे. आणि गोळी कमी करायची असेल तर ते डॉक्टरांनी, हळूहळू, मुलाच्या इच्छेने.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत अफूजन्य पदार्थांच्या वापरामुळे मदतीची गरज असलेल्या लोकांची संख्या सुमारे ७७ लाख दिली आहे. या ७७ लाखांपैकी किती जणांच्या घरी रांगेची लाज वाटून गोळी बंद करण्याचा विचार चालला असेल, असा प्रश्न आम्हाला त्या गृहस्थांकडे पाहताना पडला.

ते गप्प बसून राहिले. मग म्हणाले, “तुम्हीच एकदा त्याच्याशी बोला. आमचे बोलणे म्हणजे भांडणच होते.”

पुढल्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे केले होते. मुलगा वाकून नमस्कार करून समोर बसला; केस विरळ झाले आहेत, हसणे तेच. गोळी बंद करण्याची गोष्ट त्याने वडिलांकडून ऐकली होती आणि त्या रात्री त्याला झोप आली नव्हती, असे तो आम्हाला म्हणाला. वडिलांना ते प्रथमच कळत होते. नव्या औषधाबद्दल त्याला कुतूहल होते. “माझी गोळी चालू ठेवून देणार असतील तर मी चाचणीत जाईन, सर. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पण त्यात परीक्षा कसली घेतात?”

आम्ही त्याला उंदरांचे सांगितले, तो हसला. मग पैशांची परीक्षा सांगितली आणि मास्तरकीच्या जुन्या सवयीने विचारलेही: “समज, आज पाचशे रुपये मिळत आहेत, आणि महिनाभर थांबलास तर हजार. काय घेशील?”

या खेपेस त्याने उत्तर ओरडले नाही. बराच वेळ तो बशीतल्या शेंगदाण्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “देणार कोण आहे ते आधी सांगा, सर. तुम्ही की बाबा?”

वहिनी हसू आवरीत आत गेल्या. गृहस्थांनी ते कात्रण खिशातून काढले, त्याची घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवले. केंद्र रविवारी बाराला बंद होते, म्हणून मुलगा उठला. त्याच्या मागोमाग चपला घालीत तेही निघाले.